सुतकाचं पाणी

त्या रविवारी राजलक्ष्मी बारामतीहून वस्तीवर पोचली, तेव्हा वहिनी हौदावर ओणवी होऊन चहाच्या गाळणीनं मासे धरत होती. पदर कमरेला खोचलेला, एक हात कोपरापर्यंत पाण्यात, शेजारी कडीचा स्टीलचा डबा. वर न बघताच ती म्हणाली, "आलीस? तेवढा डबा सावलीत सरकव आधी. ऊन लागलं की बिथरत्यात."

राजलक्ष्मीनं खांद्यावरची पिशवी कट्ट्यावर ठेवली आणि डबा लिंबाखाली नेला. डब्यात बोटाच्या पेराएवढे गप्पी मासे गोल गोल फिरत होते. बहुतेक राखाडी, एखाद्याच्याच शेपटीवर केशरी ठिपका.

वहिनी म्हणजे तिची आई. घर एकत्र होतं तेव्हा चुलते तिला वहिनी म्हणत. त्यांचं ऐकून घरातली सगळी पोरं तिला वहिनीच म्हणायला शिकली, आणि तिची स्वतःची एकुलती लेकही तेच शिकली. पुढे चुली वेगळ्या झाल्या, हाक तशीच राहिली. वस्ती वहिनी म्हणे, सणसरचा बाजार वहिनी म्हणे. विजयमाला हे नाव मतदानाच्या दिवशी कुणीतरी मोठ्यानं वाचायचं तेवढंच.

मासे घरात आले ते राजलक्ष्मीचे वडील गेल्यावर. ते हिवतापात गेले. त्या साथीनंतर आरोग्य खात्याचा एक माणूस वस्तीवर येऊन घरटी थोडे थोडे मासे देऊन गेला, डासांच्या अळ्या खातात म्हणून. बाकीच्या घरांतले मासे कुठं गेले ते कुणाला कळलं नाही. वहिनीनं आपले जपले. हौदात ते वाढत गेले, आणि पुढे ज्याला हवे त्याला ती देत गेली. ती त्यांना मासे क्वचितच म्हणायची. बी म्हणायची. बी विकायचं नाही, बी मोजायचं नाही, आणि ज्याला मिळालं त्यानं वाढल्यावर दुसऱ्याला द्यायचं. द्यायचा क्रमही ठरलेला होता. आधी भावकी, मग बाकीचे. "आपलीच माणसं तापानं फणफणत पडल्यात आन् आपण दुसऱ्याच्या आडात मासं सोडत हिंडायचं, ह्याला काय अर्थ?" असं तिचं म्हणणं. त्यामुळे वस्तीवरच्या सगळ्या हौदांत, आडांत आणि जनावरांच्या पाण्याच्या टाक्यांत वहिनीचं बी होतं, आणि त्या सगळ्या घरांचं आडनाव एकच होतं.

धाकटे चुलते दादासो, ज्यांना राजलक्ष्मी तात्या म्हणायची, बांधावरून येता येता थांबले. "वैनी, एकदा कालवण तरी करा की ह्याचं."

"करते. पण एका माणसाला हौदभर लागतील. तुमाला वाढायचं म्हंजी धरण आणायला पायजे."

तात्या हसत निघून गेले. वहिनीनं डब्याला झाकण लावलं, झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं होती. "चल. मकसूदभाईकडं जायचंय."

"त्यांच्याकडं? तुमचं तर भांडण होतं ना?"

"भांडण हाय म्हणून तर जायचंय."

मकसूदभाईंचं पंक्चरचं दुकान फाट्यावर होतं. पत्र्याची शेड, पुढं जुन्या टायरांचा ढीग, मागं दोन खोल्यांचं घर. उसाचा हंगाम सुरू झाला की बैलगाड्यांच्या आणि ट्रॅक्टरच्या टायरांनी तिथं रस्ता अडायचा. आत्ता हंगामाला अवकाश होता. ट्यूब बुडवून बघायला एक आडवं कापलेलं टिपाड होतं, त्यातलं पाणी काळं.

"या वहिनी," मकसूदभाई स्टुलावरून उठले. "टायरांची पाहणी करायला का?"

"पाहणी कशाला? लांबूनच ऐकायला येतंय. तुमच्या दुकानात पंक्चर कमी आन् डास जास्त निघत्यात."

"मग सोडा की मासं टायरात. ट्यूबा टाकायचं काम न्हाय, मासंच गाडी ओढतील."

"जीभ लई चालती तुमची. हवा मशिनीत हाय का तोंडात?"

राजलक्ष्मीला हसू आलं आणि तिनं ते दाबलं. ती बारामतीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होती. तिथं कुणी मोठ्यानं बोलत नसे, आणि ते तिला सोयीचं वाटे. भांडताना माणसं एकमेकांच्या जवळ येतात हे तिनं कितीतरी पुस्तकांत वाचलं होतं, जमलं मात्र कधी नव्हतं.

सलिमाभाभी चहा घेऊन आल्या. आत त्यांची रुक्सार होती, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. आतून तिची सारखी हाक येत होती. अम्मा, फणी कुठाय? अम्मा, चार्जर कुठाय? मग एकदा नुसतंच, अम्मा.

"काय गं?" सलिमाभाभी ओरडल्या.

"काय न्हाय. हाईस का बघितलं."

वहिनी बशीतला चहा विसरून दाराकडं बघत राहिली. "काय ग्वाड हाक मारती बघ," ती राजलक्ष्मीला म्हणाली. राजलक्ष्मी "हं" म्हणाली आणि बशीत फुंकर घालत बसली.

मग वहिनी उठली आणि डब्यातले सगळे मासे तिनं त्या टिपाडात सोडले. मकसूदभाई जवळ येऊन बघू लागले. "हे काळं पाणी हाय वहिनी. मरतील की."

"ह्ये घाणीत बी जगत्यात. माणसानं मारल्याबिगर मरत न्हाईत. ऑइल तेवढं सांडू नका. आन् टायर उपडी करा. पोरगी दोन जीवाची हाय तुमची, तिला आत्ता ताप आला तर कुणाला तोंड दावाल?" तिचा आवाज उतरला. "टाकीवर झाकण न्हाय तुमच्या. चार दिवसांनी येते, तिच्यात पण बी सोडते."

परत येताना रस्त्यावर डांबर मऊ झालं होतं. वहिनी मधेच थांबली, पदर दोन्ही दंडांवरून ओढून घेतला आणि आभाळाकडं बघितलं. "ऊन कमी झालं का गं?"

"नाही. कडक आहे की. थकलीयस तू, वहिनी."

"व्हय, असंल."

संध्याकाळच्या गाडीला वहिनी फाट्यापर्यंत आली. राजलक्ष्मी खिडकीत बसली, तेव्हा तिनं वर हात करून गजावरचे तिचे हात धरले. ओल्या शेवाळाचा वास आला. वहिनीचा हात गरम होता, पण ऊनही होतं, गजही तापलेले होते. गाडी हलली.

बुधवारी चुलतभाऊ यशराजचा फोन आला. सोमवारपासून वहिनीला थंडी वाजून ताप होता. गावातल्या डॉक्टरानं सुई दिली, सलाइन लावलं, रक्त तपासायचं म्हणाला तर वहिनीच म्हणाली, उद्या बघू. आता ती बडबडत होती आणि माणसं ओळखत नव्हती. यशराजनं तिला गाडीत घालून बारामतीला आणलं. राजलक्ष्मी दवाखान्याच्या दारात उभी होती. स्ट्रेचरवरून जाताना वहिनीनं तिच्याकडं बघितलं आणि विचारलं, "झाकण लावलं का?"

"लावलं," राजलक्ष्मी म्हणाली.

डॉक्टर म्हणाले, मलेरिया मेंदूत गेलाय. ते खूप काही बोलले आणि राजलक्ष्मीनं सगळं नीट ऐकून घेतलं. तिला शब्द कळत होते. शुक्रवारी उजाडताना वहिनी गेली. कुठल्या पाण्यातला डास तिला चावला, हे कोण सांगणार?

राजलक्ष्मी स्मशानात गेली. एकुलती लेक, म्हणून कुणी आडवं आलं नाही. अग्नी यशराजनं दिला. ती बाजूला उभी राहिली, रडली नाही. बायका नंतर म्हणाल्या, शिकलेली हाय, आतल्या आत गिळती.

सगळे परतले तेव्हा अंगण ओलं होतं. आधी तिला वाटलं, सडा घातलाय. मग तिनं बघितलं, दारातली घागर पालथी, माठ पालथा, न्हाणीतलं पिंप आडवं. हौदाच्या कडेला बादल्या ओळीनं उपड्या ठेवलेल्या. हौदाचा तळ दिसत होता, घासलेला, पांढरा.

"काकी," ती म्हणाली, "हौद?"

चंद्राबाई, तात्यांची बायको, केस मोकळे सोडून ओसरीवर बसली होती. तापाच्या दिवसांत तिनंच वहिनीच्या तोंडात पाणी घातलं होतं, तिचे डोळे सुजले होते. "मयताच्या घरातलं पाणी ठेवत न्हाईत बाळा. समदं वतून दिलं. भावकीतल्या सगळ्यांनीच आपापलं वतलं. रीत हाय."

"मासे?"

चंद्राबाईनं तोंडावर हात नेला. तिच्या लक्षातच नव्हतं. कुणाच्याच लक्षात नव्हतं. दहा बायका रडत रडत बादल्या उपसत होत्या, वहिनी गेली म्हणत उकिरड्याकडं पाणी फेकत होत्या, आणि त्यातल्या एकीनंही पाण्यात बघितलं नव्हतं.

राजलक्ष्मी पाणी गेलेल्या वाटेनं चालत गेली. नाला गोठ्यामागं उताराला लागत होता, तिथं चिखल होता आणि चिखलात कोंबड्या होत्या. ती गुडघ्यावर बसली आणि हातानं चिखल बाजूला करू लागली. एक सापडला, मऊ, वाळत आलेला. अजून एक. पोट काळं पडलेली एक मादी, पिल्लांनी भरलेली. तिनं तिला ओंजळीत घेऊन पाण्याच्या नळाखाली धरलं. नळाच्या धारेत मासा हलला, पण धारच त्याला हलवत होती.

"राजी, उठ आता, आंघोळ करायची हाय," तात्या मागून म्हणाले. ती उठली, हात धुतले आणि आंघोळीला गेली.

सुतक सुरू झालं. दुसऱ्याच्या घरी जायचं नाही, दुसऱ्याच्या पाण्याला शिवायचं नाही. माणसं भेटायला येत, ओसरीवर बसत, पाणी न पिता जात. आणि निघताना दारात पायताण घालता घालता कुणीतरी म्हणेच. पहिल्यांदा तिनं ते ऐकलं तेव्हा तिला खरं वाटलं नाही.

"जन्मभर मासं पाळलं आन् शेवटी तापानंच नेलं की वो."

"मासंवाल्या बाईलाच डास चावला. आता काय म्हणायचं?"

तात्याही तेच बोलले, पण ते रडत बोलले. "मी तर म्हणतो, त्यो हौदच बुजवू. वर प्लॅस्टिकची टाकी बसवू झाकणाची. काय उपेग झाला त्या माशाचा? माझी वैनी गेली." ते नाक शिंकरायला उठले. राजलक्ष्मी भिंतीला टेकून बसली होती. तिला उत्तर देता आलं असतं. हौदात मासे आहेत म्हणून रस्त्याकडेच्या खड्ड्यातला डास मरत नाही, हे तिला सांगता आलं असतं. पण ते कुणाला पटवायचं, आणि कशासाठी? वहिनीनं इतकी वर्षं जे केलं ते एका वाक्यात पुसलं जात होतं, आणि दाखवायला हातात एक जिवंत मासा नव्हता.

म्हणून तिनं शोधायला सुरुवात केली. भावकीच्या घरी जायला सुतकाची आडकाठी नव्हती, कारण ते सगळेच सुतकात होते. ती एकेका घरी गेली. हौद घासलेला. टाकी घासलेली. जनावरांची दगडी डोण, तीही घासून उन्हात वाळवलेली. प्रत्येक ठिकाणी बाई दारात येई, तिला बघून डोळ्याला पदर लावी आणि म्हणे, "वहिनींसाठी एवढं तरी केलंच पायजे की." ज्या घरात वहिनीवर सगळ्यात जास्त माया होती, तिथलं भांडं न् भांडं पालथं होतं. एका म्हातारीनं आडातलं पाणी मोटर लावून उपसलं होतं. "आड बी बाटतो गं," ती म्हणाली.

फोन होते. कळसला वहिनीचं माहेर. मामा म्हणाला, आमालाबी तीन दिवसांचं सुतक हुतं, पाणी वतलंच की. बावड्याला लांबची आत्या. तिच्या विहिरीत पोरांनी उजनीतली चिलापी आणून सोडली होती, खायला. चिलापीनं लहान मासे केव्हाच संपवले होते. आरोग्य केंद्रात फोन केला तर तिथली बाई ओळखीची निघाली. "ताई, इथल्या टाकीत तुमच्याच आईनं दोनदा बी आणून टाकलं होतं. उन्हाळ्यात टाकी आटली. मागितलेत वरून, पण कधी येतील सांगता येत नाही."

"बारामतीत काचंच्या पेटीवाल्याकडं मिळत्यात म्हणं," चंद्राबाई हळूच म्हणाली. तिला राहवत नव्हतं. "रंगीत बी असत्यात. यशराजला सांगू का?"

"नको काकी."

तिला मासे हवे होतेच, पण कुठलेही नको होते. वहिनीच्या हातून गेलेले, वहिनीच्या पाण्यात जन्मलेल्यांची पिल्लं, त्यांचीही पिल्लं. हे काकीला कसं सांगायचं ते तिला कळलं नाही. स्वतःला सांगतानाही ते वेडेपणाचं वाटत होतं. तरी रोज सकाळी उठून ती हौदात डोकावत होती. आता त्यात नवं पाणी भरलं होतं आणि ते स्वच्छ, रिकामं होतं. मग एका सकाळी ते रिकामं नव्हतं. पृष्ठभागाशी बारीक काळे स्वल्पविराम लोंबकळत होते. सावली पडली की सगळे एकदम खाली जात, आणि पुन्हा वर येत. अळ्या.

सलिमाभाभी भेटायला आल्या त्याच दिवशी. त्या ओसरीच्या पायरीवर बसल्या. मग म्हणाल्या, "रुक्सारला परवापासून थंडी वाजती. रक्त तपासलं. त्योच ताप हाय." त्यांनी राजलक्ष्मीचा हात धरला. "ह्यांनी बारामतीला नेलीय. दुकान बंद हाय. वहिनी येते म्हणल्या व्हत्या गं टाकीत सोडायला. मी वाटच बघत बसले."

राजलक्ष्मीला विचारायचं होतं, टिपाड? टिपाडाचं काय झालं? जिची पोरगी तापात पडलीय तिला ते कसं विचारायचं? तिनं विचारलं नाही. भाभी उठून गेल्यावर मात्र तिला दुसरं काही सुचेना. बंद दुकान, वर तळपतं ऊन, उथळ टिपाड. पाणी रोज खाली जात असणार. कुणी त्यात डिझेलचा हात धुतला असेल. कुणी ओतूनही दिलं असेल, आवराआवर करताना. आणि तिकडं जायची तिला मुभा नव्हती. सुतकातल्या बाईनं, त्यातही गरोदर पोरीच्या दारात, जायचंच नसतं. चंद्राबाईला विचारलं तर ती कळवळून म्हणाली, "त्या पोरीला काय बरं-वाईट झालं तर लोक तुला धरतील, राजी. दशक्रिया होऊ दे." राजलक्ष्मी घरात आली आणि वहिनीच्या गोधडीवर आडवी पडून राहिली. गोधडीला शेवाळाचा वास होता. तिनं नाक गोधडीत खुपसलं. हा वासही चार दिवसांनी जाणार, मग काय उरणार?

दशक्रिया कालव्याच्या कडेला झाली. पिंड ठेवले आणि माणसं मागं सरली, तोवर बाभळीवरून कावळा उतरलासुद्धा. त्यानं इकडं तिकडं बघितलंही नाही. भाताचा गोळा चोचीत घेऊन तो उडाला आणि सगळ्यांनी सुस्कारा सोडला.

"बघा, लगीच शिवला," तात्या म्हणाले. "वैनीचं कशात मन अडकलं न्हवतं. तृप्त बाई."

माणसांनी माना डोलावल्या. राजलक्ष्मी कावळ्याकडं बघत होती. एवढ्या लवकर? तुझं काहीच राहिलं नाही? तिला वहिनीचा राग आला, आयुष्यात पहिल्यांदा. मग तिला वाटलं, कावळ्याला भूक लागली होती, एवढंच.

लोक जेवायला वस्तीकडं वळले. ती उलटीकडं वळली, फाट्याकडं.

दुकानाचं शटर खाली होतं. टायर सगळे उपडे घातलेले होते. तिनं ते बघितलं आणि तिथंच थांबली. कुणीतरी वहिनीचं ऐकलं होतं. टिपाड जागेवर होतं. पाणी निम्म्यावर आलेलं, काळं, वर धुळीची साय. तिनं वाकून बघितलं, काही दिसेना. बोटानं साय बाजूला केली. काही नाही. टिपाडाच्या कडेला एक कोरडा मासा चिकटलेला होता. ती तशीच उकिडवी बसून राहिली. ऊन डोक्यावर होतं आणि तिला उठायचं कशासाठी ते आठवेना.

पाण्यात काहीतरी ठिणगीसारखं हललं. तिला वाटलं, डोळ्यांपुढं चमकतंय. पुन्हा हललं. मग खालून एक राखाडी शेपटी वर आली, सायीच्या कडेला तोंड लावून गेली. तिच्यामागं दोन. आणि मग, सुईच्या टोकाएवढी, नुसते डोळेच असलेली पिल्लं.

"वाटलंच मला, तुमी येणार." मकसूदभाई मागं उभे होते. दाढी वाढलेली, हातात दवाखान्याची पिशवी. ते नुकतेच गाडीतून उतरले होते.

"रुक्सार?"

"ताप उतरलाय. बाळाचे ठोके लागत्यात म्हणत्यात. अजून दोन दिवस ठिवणार." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मी रोज सकाळी जाताना तांब्याभर पाणी टाकत व्हतो ह्यात. वहिनी गेल्या त्या दिवशी शेजारचा म्हणला, मयताच्या हातचं हाय, वतून टाक. म्हणलं, आमच्यात पाणी वतायची रीत न्हाय. आन् वतलं असतं तर त्यांनी वर मला सोडलं असतं व्हय?" ते हसायला गेले आणि त्यांना जमलं नाही. त्यांनी तोंड फिरवलं. "भांडायला कुणी राह्यलं न्हाय आता, ताई."

त्यांनी आतून डबा आणून दिला. तो वहिनीचाच होता, भोकाच्या झाकणाचा. त्या दिवशी इथंच राहिला होता. राजलक्ष्मीनं त्यांच्याच घरातल्या चहाच्या गाळणीनं मासे धरले. तिला सवय नव्हती, वेळ लागला. अर्धे तिनं टिपाडातच ठेवले. आणि डब्यातले काही, घरी जायच्या आधी, मकसूदभाईंच्या बिनझाकणाच्या टाकीत सोडले.

हौदात मासे सोडताना तिला कुणी बघितलं नाही. तिनं रात्री चंद्राबाईला सांगितलं, "काकी, हौदात मासे आहेत. आता पाणी उपसू नका." ती नेहमीच्याच आवाजात बोलली. काकी पुरणाची डाळ निवडत होती, तेराव्याच्या गडबडीत. "बरं बाळा," ती वर न बघताच म्हणाली.

तेराव्याच्या आदल्या सकाळी राजलक्ष्मीला बादल्यांच्या आवाजानं जाग आली.

ती तशीच बाहेर धावली. भावकीतल्या बायका आल्या होत्या, सुतक फिटायच्या आधी घर धुवायला. अंथरुणं उन्हात, भांडी राखेत. हौदाभोवती चौघीजणी, आणि हौद गुडघ्याइतका उरला होता. ओतलेलं पाणी नाल्याकडं चाललं होतं. तात्या टिकाव घेऊन उभे होते. पाणी उपसलं की हौद फोडून त्याच दगडांनी बुजवायचा, असं ठरलेलं होतं. ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं, आणि विचारलं असतं तर ती काही बोलली नसती, हे सगळ्यांना माहीत होतं.

"थांबा," ती म्हणाली. कुणाला ऐकू गेलं नाही. बादली पाण्यात बुडाली.

ती कठड्यावरून हौदात उतरली. पाणी गार होतं. साडी फुगून वर आली, पायाला काहीतरी मऊ, जिवंत, लागून गेलं. तिनं बादलीची कडी दोन्ही हातांनी धरली. कडीच्या दुसऱ्या टोकाला चंद्राबाई होती.

"राजी! काय करतीस? बाहेर ये, लोक बघत्यात."

"मासे आहेत ह्यात."

"अगं मासं तर त्या दिवशीच गेलं की समदं."

"आहेत. ही बादली आत ओत, काकी."

तात्या पुढं झाले. टिकाव त्यांनी अजून खाली ठेवला नव्हता. "राजी, मासं आणायचंच तर दुसरं आणू, टाकी बसल्यावर. ह्ये सुतकाचं पाणी हाय, ह्ये गेलंच पायजे. कुणाचं मासं आणून सोडलंस तू ह्यात?"

तिनं उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि नेहमीचा शब्द ओठावर आला. सगळ्यांचा शब्द, तात्यांचा, काकीचा, मकसूदभाईंचा, बाजाराचा. तो तिला पुरेना.

"माझ्या आईचे," ती म्हणाली.

कुणाला पटकन कळलंच नाही. तात्यांनी चंद्राबाईकडं बघितलं, जणू कुण्या तिऱ्हाईत बाईबद्दल चाललंय. "कुणाचं म्हणलीस?"

"आईचे. माझ्या आईचे आहेत हे." आवाज इतका मोठा निघाला की लिंबाखालच्या कोंबड्या पांगल्या. चंद्राबाईनं आपलं टोक हळूच सोडलं, आणि बादली तिरकी होऊन पाणी हौदात परत गेलं.

राजलक्ष्मी पाण्यात तशीच उभी राहिली. मग ती पुन्हा म्हणाली. समोरच्यांना उद्देशून नव्हे, आणि काही मागण्यासाठीही नव्हे. हाईस का, एवढंच बघायला.

"आई."